कॅप्टनच्या कानात

मध्या, तुला जाळून आलो त्याला पंधरवडा होत आला आणि माझा राग काही उतरायला तयार नाही. लोक भेटतात, माझा हात हातात घेतात, आवाज खाली आणून म्हणतात, "दिनूभाऊ, तुमचा जिवाभावाचा माणूस गेला हो." मी मान हलवतो. मनात म्हणतो, कसला जिवाभावाचा! शेवटचा महिना-दीड महिना माझ्याशी एक शब्द बोलला नाही तो आडमुठा, आणि तसाच गेला. न बोलता जायचं हे कुठल्या शाळेत शिकलास रे?

आणि सगळे तुला अजून कॅप्टन म्हणतायत. न्यूझीलंडमधल्या या पामर्स्टन नॉर्थच्या आपल्या मराठी मंडळात निम्म्या लोकांना खरंच वाटतं की तू नेव्हीत होतास. तू जन्मभर दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात इंजिनियर होतास, हे मी कोणाकोणाला सांगत बसू? बोटीशी तुझा संबंध वेलिंग्टन ते पिक्टनच्या फेरीबोटीपुरता. त्या फेरीवर तू काय केलंस ते तुझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाने बघितलंय. ओकायची कागदी पिशवी मीच धरली होती.

दोष त्या सिनेमाचा. ऑप शॉपमध्ये, त्या धर्मादाय जुन्या बाजारात, स्वेटरांच्या ढिगाखाली ती डीव्हीडी तुला सापडली नसती तर तू साधा निवृत्त इंजिनियर म्हणून मेला असतास. ब्रिटिश, काळा-पांढरा, लढाईच्या काळातला. मालवाहू जहाजांच्या मागेपुढे राखण करणारी एक छोटी लढाऊ बोट, वर गोठवणारा वारा, खाली पाणबुड्या, आणि जाड कोटातला कॅप्टन, ज्याच्या हातातला कोकोचा मग जहाज बुडालं तरी खाली ठेवला जात नाही. मंडळाच्या ज्येष्ठांच्या शनिवारी तू तो लावलास. नातवंडं सांभाळायला पुण्याहून आलेल्या आज्या, गुडघ्यावर शाली, समोर डब्यातला चिवडा. पहिल्या पाच मिनिटांत सुमनताईंनी विचारलं, "अहो, हा तोंडात गरम बटाटा धरून काय बोलतोय?" तू उठलास, आवाज बंद केलास आणि पडद्याशेजारी उभा राहून त्या कॅप्टनच्या तोंडी मराठी घातलंस. "गृहस्थहो, पाणबुडी आलेली आहे. कोणीही पळापळ करू नये." सभागृह हसून लोळलं.

पुढच्या वेळी तू दोन माईक घेऊन आलास. दुसरा माझ्या हातात दिलास. तू कॅप्टन, मी उरलेले सगळे. म्हणजे हुकूम तू सोडायचास आणि मरायचं मी. स्वयंपाकी म्हणून मेलो, तोफेवर मेलो, तेलाने काळ्या झालेल्या पाण्यात पोहता पोहता तर दर शनिवारी मेलो. मी आपला मनापासून ओरडायचो, "आई गं!" तू मध्यंतरात चहा घेताना मला झापायचास.

"दिन्या, इंग्रज माणूस आई गं म्हणून मरत नाही."

"मग काय म्हणून मरतो?"

"काहीही म्हणत नाही. म्हणून तर त्यांचं राज्य होतं."

आज्यांना मात्र एकाच प्रसंगाची वाट असायची. सुकाणूवर एक मिशीवाला खलाशी उभा आहे, स्वतःशी काहीतरी गुणगुणतोय. वायरलेसवाला वर येतो आणि कॅप्टनच्या कानात कुजबुजतो. ती कुजबूज सिनेमात ऐकूच येत नाही, नुसता वारा. म्हणजे माझ्यासाठी मोकळं रान. दर खेपेला मी त्या जागी मंडळाची एखादी खबर घालायचो. "कॅप्टन, गणपतीच्या श्रीखंडाचा डबा सेक्रेटरींच्या फ्रिजमध्ये आढळून आला आहे." तू गंभीर चेहऱ्याने सुकाणूवाल्याच्या पाठीकडे बघायचास, कोकोचा घोट घेतल्याचा आवाज काढायचास आणि सिनेमातलं खरं वाक्य म्हणायचास, "ठीक आहे. वॉच संपू दे."

पुढचं कोणी हसत नसे. वॉच, म्हणजे त्याची पाळी, संपते, दुसरा माणूस सुकाणू धरतो, आणि कॅप्टन त्या मिशीवाल्याला बाजूला घेऊन सांगतो की तुझ्या घरावर बॉम्ब पडला, तुझी बायको गेली. तो विचारतो, तुम्हाला कधी कळलं? कॅप्टन सांगतो. आणि तो म्हणतो, "म्हणजे मी गुणगुणत होतो तेव्हा." एवढं एकच वाक्य, पण ते म्हणून झालं की मी दर वेळी चष्मा पुसायला घ्यायचो आणि तू माझ्याकडे बघून तोंड वाकडं करायचास.

किती भांडलो रे आपण त्यावर! तुझं म्हणणं, कॅप्टनने केलं ते बरोबर. आधी सांगितलं असतं तर त्याच्या हातातलं सुकाणू सुटलं असतं आणि सगळी बोट गेली असती. माझं म्हणणं, बोटीवर काय माणसांचा दुष्काळ होता? दुसरा उभा करायचा. ज्याची बायको गेली त्याला ते कळायचा पहिला हक्क. तू म्हणायचास, "तू पुड्या बांधणारा फार्मासिस्ट. तुला हुकूम काय कळणार?" आणि मी म्हणायचो, तुझ्या पावडरीच्या कारखान्यात कोण रे बुडत होतं?

हसण्यावारी न्यायचो, पण आपण दोघंही त्या खलाशाबद्दल बोलत नव्हतो, हे आपल्याला चांगलं माहीत होतं. नलिनीवहिनी आजारी पडल्या तेव्हा केतकी डनेडिनला मेडिकलच्या शेवटच्या परीक्षेला बसली होती. तू पोरीला कळू दिलं नाहीस. पेपर संपल्यावर फोन केलास. ती धावत आली तेव्हा वहिनी तिला ओळखत नव्हत्या. मी त्या वेळी पुण्यात होतो. परत आल्यावर केतकी माझ्या घरी आली, सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली आणि म्हणाली, "काका, यू वुड हॅव टोल्ड मी, ना?" मी म्हटलं, हो. "नेक्स्ट टाइम?" मी म्हटलं, हो गं बाई. ती शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, "प्रॉमिस?" आणि मी हातावर हात मारला.

तर तो नेक्स्ट टाइम आला. तुझ्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचा विषयसुद्धा काढला नाही, तेव्हाच मला कळलं. गाडीत बसल्यावर तू सीटबेल्ट लावलास, काच पुसलीस आणि म्हणालास, "केतकीची स्पेशालिस्टची परीक्षा आहे. ती होईपर्यंत बोलायचं नाही." मी म्हटलं, मध्या, परीक्षा लांब आहे आणि तुझं मरण जवळ आहे. तू म्हणालास, "हुकूम आहे." मी आठवडाभर तुझ्या मागे लागलो. रागावलो, हात जोडले, वहिनींची आठवण काढली. वहिनींचं नाव घेतल्यावर तू मला घराबाहेर काढलंस. तुझ्या घराबाहेर उभं राहायची सवय मला तेव्हापासूनची.

मग तो शनिवार. केतकी तिकडे ऑकलंडजवळच्या पापाकुराहून व्हिडिओ कॉलवर होती, अभ्यासातून ब्रेक म्हणून. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर टॅबलेट, त्यात ती केस वर बांधून, कपड्यांच्या घड्या घालत. तू पडद्याकडे तोंड करून उभा, सैल झालेला कोट घालून, तिला पाठ तेवढी दिसेल अशा बेताने. तेही तू मोजूनमापून केलं होतंस. सुकाणूवाला गुणगुणायला लागला. तेवढ्यात टॅबलेटमधून केतकीही गुणगुणली, तीच चाल, इतक्या वेळा ऐकून पाठ झालेली. वायरलेसवाला वर आला. मी माईक तोंडाशी नेला.

ठरवून केलं का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. तुला खरं सांगतो, तोंड उघडेपर्यंत ढोकळा होता. सुमनताईंच्या ढोकळ्याला बांधकाम खात्याची परवानगी मिळाली, असं म्हणणार होतो. आणि माझ्या तोंडून निघालं, "कॅप्टन, तुमच्या पोटात कॅन्सर आहे. तुमची मुलगी तिकडे गुणगुणतेय. तिला आत्ता सांगा."

आज्या हसल्या. सवयीने हसल्या बिचाऱ्या, आणि मग एकेक करून थांबल्या. तू सुकाणूवाल्याच्या पाठीकडे बघितलंस. घोटाचा आवाज काढलास. आणि म्हणालास, "ठीक आहे. वॉच संपू दे." अगदी तस्साच, रोजच्यासारखा, आवाज तसूभर हलला नाही. मग टॅबलेटमधून आलं, "बाबा? व्हॉट डिड ही से? बाबा, टर्न अराउंड."

तू माईक खाली ठेवलास, मफलर गुंडाळलास आणि बाहेर गेलास. सिनेमा चालूच होता. पाण्यात माझी माणसं बुडत होती, तोंडं उघडत होती, आणि त्यांना आवाज द्यायला कोणी नव्हतं. मी तुझ्या मागे कार पार्कमध्ये आलो. तू गाडीच्या दारात वळलास. "दिन्या, वायरलेसवाल्याचं काम ऐकायचं असतं. बोलायचं नसतं." हे तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य. माझ्याच गाडीतून आला होतास तू, म्हणून मला तुला घरी सोडावंही लागलं. सगळा रस्ता तू खिडकीबाहेर बघत बसलास. दार मात्र हळू लावलंस, आपटलंही नाहीस. आपटलं असतंस तर बरं झालं असतं रे.

मला पश्चात्ताप नाही. हे तुझ्या तोंडावर सांगायचं राहिलं, म्हणून आता सांगतो. केतकी रातोरात निघून सकाळी तुझ्या दारात उभी राहिली. परीक्षा सोडली तिने. तू तिला काय म्हणालास तेही मला माहीत आहे. "जहाज सोडून पळून आलीस?" लेकीला! ती म्हणाली, "येस बाबा," आणि चहा टाकायला गेली. तुला शोभेल अशीच पोरगी आहे, तुझ्यापेक्षा मऊ एवढंच.

मी रोज यायचो. मुगाचं कढण करायचो, आलं-जिरं घालून, डब्यात भरून तुझ्या ड्राइव्हवेत गाडी लावायचो. केतकी बाहेर यायची. "बाबा झोपलेत, काका." मग माझ्या शेजारच्या सीटवर बसायची, थोडं बोलायची. रात्र कशी गेली, मॉर्फिन किती वाढवलं, नर्स कोण होती. कधी नुसती डोकं मागे टेकून डोळे मिटायची. डबा आत जायचा आणि दुसऱ्या दिवशी धुऊन, पुसून परत यायचा. मी विचारायचो, घेतलं का गं त्याने? ती म्हणायची, "हीप्स." म्हणजे भरपूर. मी खूश! सांगू तुला, ते दिवस माझे चांगले गेले. तू आत झोपला आहेस, पोटात माझं कढण आहे, आज ना उद्या जागा असताना मी येईन, तू शिवी देशील आणि संपेल भांडण. मी काच खाली करून, हीटर लावून, जुनी गाणी लावायचो.

ज्या दिवशी गेलास त्या दिवशीही गाणं चालू होतं. केतकी बाहेर आली ती उलट्या पायात जँडल्स, त्या रबरी चपला, घालून. म्हणाली, "काका, आता या." मी आत आलो. तुझं तोंड उघडं होतं, दाढी वाढलेली, आणि तो ऐटदार कॅप्टन म्हणजे हाडांवर ओढलेली चादर. मी म्हटलं, बोल की आता. केतकीला विचारलं, शेवटी काही म्हणाला का? ती म्हणाली, "आई गं म्हणाले." मला बरं वाटलं, मध्या. मेलेल्या मित्राशेजारी उभं राहून मला बरं वाटलं. तुझं इंग्रजांचं राज्य तिथे संपलं.

अंत्यविधीला ती गोरी बाई, कार्यक्रम चालवणारी, माओरीतला नमस्कार, "किआ ओरा", म्हणून उभी राहिली आणि केतकीने तुझी एकुलती एक सूचना वाचून दाखवली: दिन्याच्या हातात माईक देऊ नये. सगळे हसले. रडता रडता हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने मी. मला वाटलं, बघा, जाता जाता मित्राने टपली मारली. चला, मिटलं.

काल पुन्हा शनिवार होता. आज्यांचा हट्ट, कॅप्टनसाठी एकदा सिनेमा लावायचाच. केतकी तुझं घर आवरायला अजून इथेच आहे. म्हणाली, "कॅप्टन मी करते." तुझा कोट घालून उभी राहिली, बाह्या दुमडून. तिचं मराठी अडखळतं, पण आवाज खाली आणायची पद्धत तुझी. मी आपला मरत होतो, स्वयंपाकी, तोफवाला, सगळे. मग सुकाणूवाला गुणगुणायला लागला आणि वायरलेसवाला वर आला. माझ्याकडे कसलीही खबर नव्हती. सभागृह वाट बघत होतं. मी माईक बाजूला केला आणि तिच्या कानात, फक्त तिला ऐकू जाईल असं विचारलं, "केतकी, तो दर वेळी झोपलेलाच कसा असायचा गं?"

का विचारलं, देव जाणे. डोक्यात नव्हतंच ते. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पडद्यावरच्या त्या पाठीकडे बघत राहिली. घोट घ्यायचं विसरली. म्हणाली, "ठीक आहे. वॉच संपू दे."

आज्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पुढचा अर्धा सिनेमा काय बोललो ते आठवत नाही.

कप विसळून झाल्यावर कार पार्कमध्ये ती माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "काका, तुम्ही विचारलंत म्हणून. नाहीतर आय वॉज नेव्हर गोइंग टू." मी म्हटलं, बोल.

"ते जागे असायचे. ऑल्वेज. रोज विचारायचे, गाडी आली का? मी म्हणायचे, आली. मग म्हणायचे, त्याला आत घेऊ नकोस."

"आणि कढण?"

"ते मी प्यायचे." आणि मग माझी दया येऊन म्हणाली, "इट वॉज रिअली गुड, काका."

मी विचारलं, शेवटच्या दिवशी? तेव्हा तरी? तिने खाली बघितलं. "शेवटच्या दिवशीपण विचारलं, गाडी आली का. मी म्हटलं, बाबा, बोलावू का? ही सेड, नको. उभी राहू दे." आणि माईकची सूचना? "दॅट वॉजन्ट अ जोक, काका. सॉरी."

मध्या, गाडी आली का हे रोज कशाला विचारत होतास? मी आलेलं हवं होतं तर आत घ्यायचं. नको होतं तर विचारायचं नाही. हे काय मधलंच? रात्रभर यावर तुझ्याशी भांडतोय आणि तू आपला गप्प, जिवंतपणी होतास तसाच. ड्राइव्हवेकडच्या खिडकीचा पडदा तुझ्या उशाशीच होता. बाजूला केलास का कधी, हे मी तिला विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

तिला एकच विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. आणि माझ्या तोंडून आपोआप ते वाक्य निघालं, इतके शनिवार म्हटलेलं. "म्हणजे मी गुणगुणत होतो तेव्हा."

तिने मला मिठी मारली. तुझ्या कोटाला अजून तुझ्या बामाचा वास येतो.

त्या मिशीवाल्या खलाशाला आधी सांगायलाच हवं होतं, यावर मी आजही ठाम आहे. तू कितीही तोंड वाकडं कर. फक्त मला नसतं सांगितलं, तर चाललं असतं.